वकिलीणबाईंचा दलाल

अकोल्यातलं घर विकायचं ठरलं तेव्हा घराचे पैसे पुरतील का, ही काळजी आमच्या यांना होती. मला काळजी एवढीच की शेजारच्या वकिलीणबाईंपेक्षा एक रुपया तरी जास्त यायला हवा.

हे शाळामास्तर. बदली अमरावतीला झाली, मुलांची शिक्षणंही तिकडेच व्हायची होती, म्हणून इथलं घर विकून तिथे लहानशी जागा घ्यावी असा विचार झाला. वकिलीणबाई सहा महिने आधीच अमरावतीला गेल्या होत्या. जाण्याआधी त्यांचं घर महिन्याच्या आत विकलं गेलं आणि तेही अशा भावानं, की गल्लीत बायांना दुसरा विषयच उरला नाही.

मी जळले. खोटं कशाला बोलू? त्या बाईवर मी दहा वर्षं जळतच होते. त्यांच्याकडे रेडिओ आला तेव्हा आमच्याकडे अजून कंदील होता. त्या नागपूरहून लुगडी आणायच्या आणि वाळत घालायच्या नेमक्या आमच्या बाजूच्या दोरीवर. वर भेटलं की हसून, गोड गोड बोलायच्या, म्हणजे आपल्याला भांडायचीही सोय नाही. त्यांचं सगळं चांगलं होतं. फक्त विहीर खारी होती.

आमचा सगळा मुलूखच खाऱ्या पाण्याचा. बाळापूरला जा, तेल्हाऱ्याला जा, तीच रड. तुरीची डाळ कितीही उकळा, दाणा मऊ म्हणून होत नाही, साबणाला फेस येत नाही. आमच्या गल्लीत गोडं पाणी फक्त आमच्या विहिरीला होतं. का, ते देव जाणे. रोज सकाळी वकिलीणबाईंची मोलकरीण कळशा घेऊन आमच्या दारात उभी राहायची आणि मी तोंडभरून म्हणायचे, "ने वो बाई, लागन तितकं ने." तेवढ्यावर माझा दिवस चांगला जायचा. त्यांचा रेडिओ असो की पंखा असो, वरण शेवटी माझ्या पाण्यावर शिजत होतं.

तर दलाल. यांनी आधी एक म्हातारा दलाल आणला. सरळ माणूस म्हणून गावात त्याचं नाव होतं. त्यानं घर फिरून पाहिलं आणि एकेक खोड काढली. स्वयंपाकघर अंधारं आहे, वरच्या टिना तापतात, मागची भिंत ओल धरते. सगळं खरं होतं, म्हणून तर मला त्याचा जास्त राग आला. शेवटी विहिरीपाशी आला, वाकून पाहिलं, घोटभर चाखलं.

"पानी गोड हाय," तो म्हणाला. "पन मास्तर, पान्याचे पैसे कोन देते?"

तिथेच तो माझ्या मनातून उतरला. त्याची पाठ वळल्याबरोबर मी यांना म्हटलं, "वकिलीणबाईंचा दलाल बोलवा."

"अवो, तो नुसता बोलघेवडा. मोसमात कापसाची दलाली करते अन् बाकीचे दिवस घरं इकते. त्याच्या भरवशावर राहाचं का?"

"त्यांचं घर त्यानंच विकलं ना? मंग आपलंबी त्यानंच विकलं पायजे."

"तुले घर विकायचं हाय का बरोबरी करायची हाय?"

"दोन्ही," मी म्हणाले.

तो आला. डोक्यावर पांढरी टोपी, बगलेत छत्री, गालात पान. आमचं अंधारं स्वयंपाकघर पाहून म्हणाला, "वा! उन्हाळ्यात थंडगार." ओल धरलेल्या भिंतीकडे त्यानं मान वळवलीसुद्धा नाही. मला माणूस पसंत पडला. मोठ्या हौसेनं त्याला विहिरीवर नेलं, ताजी बादली शेंदली आणि तांब्या भरून हातात दिला.

त्यानं पान थुंकलं, चूळ भरली, पाणी प्यायला आणि हसायलाच लागला.

"बाई, हे पानी म्या ओयखतो. वकीलसाहेबाचं घर याच पान्यावर तं इकलं."

"म्हणजे?"

"गिऱ्हाईक आलं त्या दिवशी बाईसाहेबानं तुमच्याकडून घागर भरून आनली. गिऱ्हाईक प्यालं, खूश झालं. कोनत्या इहिरीचं, हे त्यानं इचारलं नाई अन् आमी सांगतलं नाई."

मला तो दिवस आठवला. मोलकरीण भरदुपारी आली होती, पाहुणे आलेत म्हणून. पाहुण्यांसमोर चांगलं भांडं जावं म्हणून मी माझी पितळी घागर चिंचेनं घासली, पाणी गाळून भरलं आणि वर वाळ्याची जुडी टाकून दिली. वाळा! माझ्या पाण्यावर, माझ्या वाळ्यावर त्या बाईनं भाव घेतला आणि गाव सोडताना माझ्या हातावर एक नारळ ठेवला. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला.

"उठा," मी म्हटलं. "माह्या घरात पुन्हा पाय ठेवू नोका."

तो उठला नाही. "रागावता काहून बाई? तुमचंच काम करून राहिलो. तुमचं गिऱ्हाईक भिंतीपल्याड बसलं हाय. खाऱ्या पान्यानं रडकुंडीले आला तो मानूस. या इहिरीपायी तुमचं पुरं घर घेईन. वकीलसाहेबाले देल्ले त्याहून जास्त देईन."

"जास्त" ऐकलं आणि मी चहा टाकायला आत गेले. हे मागोमाग आले, म्हणाले, "ज्यानं त्याले फसवलं, त्याच्याच हाती घर देतं का?"

"फसवलं त्याले," मी म्हटलं. "मले तर नाई ना?"

दलाल बोलला तसंच झालं. शेजाऱ्यानं थोडी घासाघीस केली आणि वकिलीणबाईंना दिले त्याहून जास्त मोजले. गल्लीत आता माझं नाव निघू लागलं. अमरावतीला पोचल्यावर पहिलं काम वकिलीणबाईंना हा भाव सांगायचा, असं ठरवून मी सामान बांधायला घेतलं. काय बोलायचं, कसं सहज बोलल्यासारखं बोलायचं, तेसुद्धा ठरलं होतं.

निघायच्या दिवशी भांडीकुंडी बैलबंडीवर चढली. मी रिकाम्या घरात शेवटचा केर काढत होते. घशाला कोरड पडली होती आणि घरात पेला नव्हता. तेवढ्यात मागच्या दारानं शेजारीण आली. कालपर्यंत कळशी घेऊन दाराबाहेरून हाक मारायची, आज सरळ आत आली. बादली विहिरीत सोडली, भराभर दोर ओढला, घरून आणलेला पेला भरला आणि माझ्यापुढे धरला.

"बसा वो घडीभर. दमल्या असान. पानी घ्या."

मी माझ्याच विहिरीच्या काठावर पाहुणी होऊन बसले आणि पाणी प्यायले. ती कमरेवर हात ठेवून उभी होती, प्रसन्न, मोठ्या मनाची. तेव्हा जे पोटात पेटलं, ते दहा वर्षांत त्या रेडिओनं आणि लुगड्यांनीही पेटलं नव्हतं.

"अकोल्याले आल्या की येत जा," ती म्हणाली. "पान्याले कोनाले नाई म्हननार नाई मी."

अमरावतीत वकिलीणबाई आमच्यापासून चार गल्ल्यांवर राहत होत्या. भाव सांगायला मी काही गेले नाही. त्यांनी खारी विहीर विकून पैसे आणले होते. मी गोडी विकली होती.