गुणमालेने खरवडलेली भिंत

गुणमाला चौगुलेच्या हाताला बांगड्यांपेक्षा पान्ह्याची सवय जास्त, असं समडोळीत तिच्या जावा म्हणायच्या. नवरा धनपाल सूतगिरणीत पाळीवर असायचा. एकदा नळ गळायला लागला तेव्हा तो घरी येईपर्यंत बादल्या भरत बसण्यापेक्षा तिने स्वतःच नळ उघडला, झिजलेला वायसर काढला आणि जुन्या चपलेचं रबर कापून बसवलं. ते टिकलं. मग इस्त्रीची वायर, तुंबलेली मोरी, खिडकीची निसटलेली बिजागरी. चुकायचीही. एकदा न्हाणीघराचं दार असं बसवलं की आत गेलेल्या सासऱ्यांना बाहेर काढायला वरचा पत्रा उचकटावा लागला.

धनपाल निवृत्त झाल्यावर दोघं सांगलीत राहायला आली. नदीकडच्या जुन्या गल्लीतलं हे घर शालूबाई नावाच्या बाईचं. ती वारली, मुलगा पुण्यात, आणि पुरानंतर घर कुलूप लावून पडलेलं. पाणी किती चढलं होतं त्याची तपकिरी रेघ अजून दारावर होती. गुणमालेला घर बघताक्षणी आवडलं, कारण त्यात दुरुस्त करण्यासारखं पुष्कळ होतं.

नळ झाले, कौलं झाली. स्वयंपाकघरातली शेजारच्या घराला लागून असलेली सामाईक भिंत तेवढी राहिली. तिला ओल आली होती, मिठासारखा पांढरा लोणा धरला होता, हात लावला की पोपडे गळायचे. मोबाईलवर बघून गुणमालेला कळलं होतं की आधी भिंत वाजवून बघायची. जिथं भरीव वाजेल तिथं प्लास्टर ठेवायचं, जिथं पोकळ वाजेल तिथलं काढायचं.

दुपारची जेवणं झाल्यावर तिने हातोडीचा दांडा घेतला आणि भिंत ठोकत निघाली. ठक. ठक. कोपऱ्याकडे आली तसा आवाज बदलला. पोकळ. तिने खडूने खूण केली.

तेवढ्यात भिंत वाजली.

ठक, ठक, ठक. हलकेच, पण स्वच्छ. गुणमाला दांडा हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिने दोनदा वाजवलं. थोडा वेळ काही नाही. आणि मग पलीकडून पुन्हा तीनदा.

"आवं, ऐकलंसा का?" ती ओरडली.

धनपाल सोप्यात पेपर वाचत होता. गिरणीने त्याचे कान नेले होते आणि कानाचं यंत्र बहुतेक वेळा खिशात असायचं. तो आत आला, यंत्र लावलं, भिंतीला कान टेकला. भिंत गप्प.

"उंदीर असंल गं."

"उंदीर मोजून वाजवतोय व्हय?"

समोरच्या सोनमला तिने भिंतीपलीकडच्या घराबद्दल सहज विचारावं तसं विचारलं. सोनम कपडे वाळत घालत होती. "ते घर बंद हाय काकू. हरणाबाई म्हणून म्हातारी ऱ्हायची, शालूकाकींची जाऊ. पुरानंतर तिला तिच्या पुतण्यानं गावाकडं नेली." पुढच्या दाराचं कुलूप गंजून कडीला चिकटलं होतं. उंबऱ्यातून गवत उगवलं होतं. खिडक्या आतून बंद, आणि फटींत पुराचा गाळ वाळून घट्ट झालेला.

दुसऱ्या दिवशी गुणमालेने टाकीचा कॉक बंद केला, म्हणजे पाइपातली हवा वाजत असेल तर कळेल. मग भिंत वाजवली. उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी तिने मुद्दाम काहीच वाजवलं नाही, भांडी घासत बसली. भांडी घासून झाली आणि भिंत आपणहून वाजली. यावेळी थांबून थांबून, जशी कुणी वाट बघून पुन्हा हाक मारतं तशी. गुणमालेच्या हातातली वाटी मोरीत पडली. तिने मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हटला. पण भिंत तशीच ठेवून त्या खोलीत रोज भाकरी थापणं तिला जमलं नसतं. भीतीवर तिला एकच उपाय ठाऊक होता, उघडून बघणं.

तिने छिन्नी लावली. ओलं प्लास्टर पापडासारखं सुटून आलं आणि आत दगडविटा दिसायच्या जागी लाकूड दिसलं. ती वरून खाली खरवडत गेली. उभं लाकूड, मग आडवं. चौकट होती ती. कुणी काळी या भिंतीत दार होतं आणि ते विटा रचून बुजवलं होतं. विटांमधला चुना ओलीने लोण्यासारखा झालेला. एका फटीतून वारा आला आणि वाऱ्याबरोबर वास.

मिश्रीचा वास. तव्यावर नुकत्याच भाजलेल्या तंबाखूचा, गरम.

गुणमाला मागे सरकली. बंद घरात गाळाचा, कुबट, घुशीचा वास असतो. मिश्री कोण भाजतं?

"आवं, हिकडं या. यंत्र लावून या."

धनपाल आला. तो जवळ उभा राहिल्यावर तिने एक वीट दोन्ही हातांनी हलवली, मागेपुढे केली आणि काढली. आत काळोख. दोघांनी वाकून बघितलं. काळोखात काहीतरी सरकलं, आणि विटेच्या जागेतून बोटं बाहेर आली. बारीक, सुरकुतलेली, नखं वाढलेली. ती चौकटीच्या लाकडावरून फिरली, जशी ओळखीची वस्तू चाचपावी.

"शालू," पलीकडून आवाज आला, "लय येळ लावलास गं आज."

धनपाल एक पाऊल मागे सरला. गुणमालेने मात्र हात पुढे केला आणि ती बोटं धरली. ती ऊबदार होती. ती ऊब लागली आणि तिची भीती बदलली. मघाशी जे मेलेलं असेल म्हणून ती भ्याली होती ते जिवंत होतं, आणि त्याने ती जास्तच घाबरली.

"कोण हाय?"

"आता कोण म्हंतीस? मी हरणा न्हवं का?"

"दार उघडा की आजी. बाहेर या."

"दार बाहेरनं लावल्यालं असतंय."

गुणमालेने त्या भोकातून तांब्याने पाणी दिलं. पलीकडे म्हातारी घटाघटा प्यायली. धनपालने सोनमला हाक मारली आणि तिघं मागच्या बोळाने गेली. तिथं घाणेरीचं रान माजलं होतं, पण त्यातून एक पायवाट पडली होती, रोजच्या पायांची. मागच्या दाराला कुलूप होतं. नवं, तेल दिलेलं.

सोनम तोंडावर पदर धरून खाली बसली. "रोज हितनं मी कचरा टाकायला येतो वो काकू. कुलूप बघितलं बी हुतं. वाटलं, चोरचिलटाच्या भ्यानं लावलं असंल."

सोनमच्याच नवऱ्याने केरबाचा, म्हातारीच्या त्या पुतण्याचा नंबर शोधला. केरबा कारखान्यातून तसाच आला, अंगावर कामाचे कपडे, हातात जेवणाचा डबा. गल्लीतली माणसं जमलेली बघून तो दारात थबकला. कुणीतरी त्याची गचांडी धरायला पुढे झालं, तर धनपाल मध्ये उभा राहिला.

"आधी दार उघड," तो म्हणाला. "बोलणं मागनं."

केरबाने कुलूप काढलं. आत एक खाट, चूल, पाण्याचा पिंप, आणि त्या भिंतीला अगदी लावून ठेवलेला पाट. पाटावर हरणाबाई बसली होती. माणसांकडे तिने वळूनही बघितलं नाही. तिच्या हातात वरवंटा होता.

केरबा खाली बघूनच बोलला. पुराच्या वेळी दोघी जावांना होडीतून काढलं. शालूबाई पूरग्रस्तांच्या छावणीतच वारली. हरणाबाईला ते पटलंच नाही. ती उठसूट घाटावर जायची, शालूला हाका मारत पाण्यात उतरायची. दोनदा लोकांनी ओढून काढली. "मी दिवसभर कामावर. बायकू म्हणाली, वेडी म्हातारी घरात नगं. गल्लीत सांगाय लाज वाटली, म्हणून गावाला नेली म्हणालो. दोन्ही वक्ताचं जेवण आणून देतो की. मारलं न्हाई कवा." आणि मग तो तिथंच बसून लहान पोरासारखा रडला. पोलीस आले, त्यांनी त्याला चौकीवर नेलं, समज दिली, लिहून घेतलं. कुलूप गेलं. पण हरणाबाई पुढच्या दाराने बाहेर पडेना. उंबऱ्यापर्यंत न्यावी, की ती हात सोडवून परत पाटावर.

मग गुणमालेने बाकीच्या विटा काढल्या. दोघी जावांचे नवरे भांडून वेगळे झाले तेव्हा त्यांनी हे दार बुजवलं होतं, हे तिला गल्लीतल्या जुन्या माणसांकडून कळलं. भावांचं बोलणं बंद झालं, बायकांचं झालं नाही. पुरुष बाहेर गेले की त्या दुपारी वरवंट्याने भिंत वाजवायच्या.

नवीन दार बसवताना गुणमालेचं माप चुकलं. पल्ला खाली घासत होता. तिने रंधा मारला तर खाली फट पडली. हरणाबाई पाटावर बसून हे बघायची आणि बोळक्या तोंडाने हसायची. ज्या दिवशी दार नीट लागलं त्या दिवशी ती उठली, चौकटीला हात लावला आणि गुणमालेच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. त्यानंतर रोजच. चौगुल्यांची जेवणं सूर्य मावळायच्या आत व्हायची, म्हणून तीही तेव्हाच जेवायला शिकली. केरबा संध्याकाळी तिला अंघोळ घालायला बायकोला पाठवायचा, आणि बायको निमूट यायची.

म्हातारी गुणमालेला शालूच म्हणायची. गुणमाला सुरुवातीला सांगायची, "मी शालू न्हाई, आजी. मी गुणमाला." पुढे तिने सांगणं सोडलं.

एका दुपारी चौकटीला रंग चालला होता. हरणाबाई मिश्री लावत होती. मध्येच म्हणाली, "तू रोज वाजवत हुतीस म्हणून मी जित्ती ऱ्हायले बग."

"म्हंजे गेल्या म्हैन्यात, आजी. मी भिंत काढत होतो तवा."

"न्हाई गं. पूर उतरला तवापासनं. केरबानं कुलूप लावलं त्याच रोजी तू वाजवलंस. मग रोज. येक दुपार चुकवली न्हाईस."

गुणमालेचा ब्रश थांबला. पूर उतरल्यापासून ती आणि धनपाल येईपर्यंत या घराला कुलूप होतं. विकत घेताना शालूबाईच्या मुलाने ते तिच्यासमोर तोडलं होतं, आणि फरशीवरच्या वाळलेल्या गाळात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"काय वाजवायचे मी?" तिने हळूच विचारलं.

"तीनदा," हरणाबाई म्हणाली. "हाय का, इतकंच."

गुणमालेने धनपालकडे बघितलं. यंत्र त्याच्या कानात होतं. त्यानेही ते ऐकलं होतं; त्याने डोळे मिटून हात जोडले. तिने ब्रश डब्यात बुडवला आणि चौकटीला रंगाचा दुसरा हात द्यायला घेतला. रंग ओला होता तोवर दाराला शिवता येणार नव्हतं, म्हणून हरणाबाई त्या दिवशी अंधार पडेपर्यंत इथंच राहिली, आणि गुणमाला तिच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून.