आईच्या गुडघ्यांना आम्ही दिलेला आराम

त्या कागदावरची बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. घट्ट पँट, मागे सोफा, खाली मऊ चटई, आणि गुडघा सरळ करताना तोंडावर हसू. तिचे गुडघे कधी दुखलेच नव्हते, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. खालच्या सूचना सगळ्या इंग्रजीत. नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात दर शनिवारी म्हाताऱ्या माणसांसाठी गुडघ्यांच्या व्यायामाचा वर्ग भरायचा. तिथे आलेल्या बाया हातात दिलेला हा कागद घडी करून पिशवीत ठेवायच्या आणि घरी जायच्या. माझी आई त्यांतलीच एक.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. गुडघे झिजलेत ते झिजलेत, पण मांड्यांतली ताकदही गेलीय. व्यायाम केला तर पायऱ्या चढता येतील, नाही केला तर पुढे वॉकर. आईला फक्त एसटीच्या पायऱ्या चढायच्या होत्या. तिची मोठी बहीण उमरेडला अंथरुणाला खिळली होती आणि दोघींची दोन वर्षांत भेट नव्हती. गाडी करून नेतो, असं माझा भाऊ म्हणायचा. त्याला सुटी मिळेल तेव्हा.

"मले कोणाच्या सुटीची वाट नाही पाहाची," आई म्हणायची. "माह्यी मी जाईन."

वर्गात व्यायाम शिकवणारी मुलगी गोड होती, पण तिची जीभ इंग्रजीवरून उतरत नव्हती. होल्ड करा आजी, टेन सेकंद, आता रिलॅक्स. आई मान हलवायची. कळलं का विचारलं की "कळलं वं बाई" म्हणायची. घरी आल्यावर शून्य.

माझी भाची मोबाइलवर काय काय वाचत असते. तिने सांगितलं, अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी असे वर्ग त्यांच्याच भाषेत घेतात म्हणे, त्यांच्या ओळखीच्या गाण्यांवर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे बाहेरून आलेल्या लोकांची एवढी काळजी, आणि इथे नागपुरात नागपूरच्याच म्हातारीला होल्ड आणि रिलॅक्स.

पण हा राग मी काढला कुणावर, तर आईवर. मी शाळेत शिकवते, दुसरं काही मला येत नाही. चौथीच्या पोरांना लावावं तसं मी तिला कॅलेंडरवर रोजच्या व्यायामाची खूण करायला लावलं. खुणा नेमाने पडू लागल्या. एका गुरुवारी पाहिलं तर शुक्रवार, शनिवार आणि रविवारही खुणा होऊन बसले होते.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"तू रोज विचारत राह्यते. म्हटलं एकदाच करून टाकाव."

मी खूप बोलले. बहिणीकडे जायचंच नसेल तर तसं सांग, इथपर्यंत बोलले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पाय वर करा, थांबा, अन् मंग खाली ठेवा. त्यातून निघते काय?" मी आणखी मोठ्याने बोलले.

त्या शनिवारी वर्ग सुरू व्हायला उशीर होता. आईला तपासायच्या उंच टेबलावर बसवलं होतं, पाय खाली लोंबकळत होते. मी फोनमध्ये डोकं घालून बसले होते. वर पाहिलं तर तिचे पाय चालत होते. उजवा दाबला की डावा वर, डावा दाबला की उजवा वर. सावकाश, एका लयीत, पार गुडघा सरळ होईपर्यंत. उजवा हात मांडीवर मध्येच झटका देत होता. ती खिडकीबाहेर पाहत होती, पायांकडे तिचं लक्षही नव्हतं.

व्यायाम शिकवणारी ती मुलगी दारातच थांबली. "आजी, हेच तर मी सांगत होते. कुठे शिकल्या?"

"मागावर," आई म्हणाली. "तीस वर्सं लुगडे विणले बाई मी."

मुलीला हातमाग माहीत नव्हता. आईनेच तिला समजावलं. जमिनीत खड्डा, काठावर आपण बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे, खाली दोन पावड्या. आळीपाळीने त्या दाबायच्या आणि वर हाताने आडवा धागा नेणारा धोटा फेकायचा. मुलगी खूश झाली. मग घरी मागावरच बसा की थोडा वेळ, म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "आहे ना अजून?"

माग घरात नव्हता.

तीन वर्षांपूर्वी आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा भावाने आणि मीच ठरवलं, हा त्या मागाचा प्रताप. डॉक्टरांना विचारायची गरज आम्हाला वाटली नाही, आम्ही शिकलेले ना. माग मोडला, खड्ड्यात मुरूम भरला, वर पांढऱ्या टाइल्स बसवल्या आणि त्यावर तिचा पलंग टाकला. आता आराम कर, आम्ही म्हणालो. भाजी निवडायला उठली तरी आराम कर, दारापर्यंत गेली तरी आराम कर. खड्डा बुजत होता तेव्हा तिने मिस्त्रींना दोनदा चहा करून दिला होता.

घरी येताना रिक्षात मी विचारलं, "तेव्हा बोलली काहून नाही तू?"

"तुम्ही दोघंही शिकले-सवरलेले. म्हटलं, माहीत असन तुम्हाले."

त्या कागदावरच्या बाईचा मला इतका राग का यायचा, ते तेव्हा कळलं. तो राग खरा माझाच माझ्यावर होता. तिने निदान माझ्या आईचं काही बुजवलं नव्हतं.

मी पलंगाच्या पायांखाली विटा लावल्या, चढायला एक पाट ठेवला. आई काठावर बसते, पाय टाइल्सच्या वर लोंबकळतात, आणि सकाळ-संध्याकाळ ती पावड्या नसलेला माग चालवते. कॅलेंडर मी उतरवून ठेवलं. ती किती वेळ बसते ते मी मोजत नाही.

चार महिन्यांनी आम्ही बसस्टँडवर उभ्या होतो. उमरेडची गाडी लागली. आईने दांडा धरला, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि थांबली. मी मागून तिच्या कमरेला हात लावला.

"हात काढ वं."

मी काढला. तिने दुसरा पाय उचलला, कण्हली, आणि चढली. मग पुढची पायरी. दारात पोचल्यावर धाप लागलेली ती मागे वळली. मी पिशवी घेऊन पायरीवर पाय ठेवला होता. तिने वाकून माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

"तू नको येऊ," ती म्हणाली. "तू घरी जाय. आराम कर."