कौतुकाचा डाव

त्यांना सर म्हणणारी सगळी पोरंटोरंच. इमारतीत ते 'ग्रँडमास्तर', तेही पाठीमागे आणि हसून. बायको 'अहो' म्हणे, पण त्या 'अहो'त असा काही शेलका अपमान भरलेला असे की त्यापेक्षा शिवी परवडली.

विम्याच्या कचेरीत कारकुनी करताना स्वारी एकदा कचेऱ्या-कचेऱ्यांच्या बुद्धिबळ स्पर्धेत दुसरी आली होती. उपांत्य फेरीतला समोरचा गडी पोट बिघडून घरी पळाला होता, ही बारीकशी गोष्ट सर कधी सांगत नसत. पण त्या दुसऱ्या क्रमांकाच्या भरवशावर पठ्ठ्याने नोकरी सोडली आणि मुलांसाठी ऑनलाइन बुद्धिबळाची खासगी शिकवणी काढली. झोपायच्या खोलीत कपाट आणि इस्त्रीचं टेबल यांच्या मधल्या बोळात लॅपटॉप मांडला. मागे जाडजूड पुस्तकांचं चित्र छापलेलं कापड लावलं, त्यापुढे दोन चषक ठेवले. एक कॅरम दुहेरीचा होता, म्हणून त्याची अक्षरं भिंतीकडे. दुसरा कुणाचा होता ते बायकोलाही ठाऊक नव्हतं.

आणि ह्या बोळात बसून हा माणूस साऱ्या जगाला तुच्छ लेखायचा! शिकायला येणाऱ्या एका मुलाचं नाव त्यांनी 'जांभई' ठेवलं होतं, कारण शिकवायला सुरुवात केली की त्याचा जबडा उघडलाच. दुसरा 'आईचा वाघ'. त्याला काहीही विचारा, उत्तर कॅमेऱ्याबाहेरून आईच्या आवाजात यायचं. "हत्ती सरळ चालतो ना रे सोन्या? सांग ना सरांना, सरळ!" की सर म्हणत, "वा! शाब्बास रे वाघा!" आणि तास संपला की बायकोपुढे दातओठ खात. "ह्याला घोडा आणि गाढव यांतला फरक कळत नाही, आणि बाईसाहेबांना त्याला जगज्जेता करायचाय!"

"पोरात चमक आहे असं त्यांना तुम्हीच सांगितलंत ना?" बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारी.

"तसं सांगावं लागतं."

"मग भोगा."

सगळ्यांत मोठं नाटक महिन्याच्या शेवटच्या तासाला व्हायचं. त्या दिवशी आईबाप मुलाशेजारी येऊन बसत, सर मुलाबरोबर एक डाव खेळत आणि हरत. बायको त्याला कौतुकाचा डाव म्हणे. हरण्यात मात्र सरांचा हात धरणारं कुणी नव्हतं हं! एकदम नाही हरायचे. आधी मुलाला जरा घाम फोडायचा, मग आपला वजीर अलगद त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवायचा, "अरेच्चा!" म्हणायचं आणि कपाळावर हात मारायचा. कार्टं तरीही भलतीकडेच बघत राहिलं तर "नीट बघ हं, नीट बघ" करत त्याला वजिरापर्यंत आणून सोडायचं. मग आईबाप टाळ्या पिटत आणि हरभऱ्याच्या झाडावर चढत, सर खालून शिडी धरून उभे. मनातल्या मनात म्हणत, मूर्ख लेकाचे! मी हरतो कारण मला हरायचं असतं. ह्या एका समाधानावर गृहस्थाचा सगळा तोरा उभा होता. खरा, जिंकण्यासाठी खेळलेला डाव शेवटचा कधी खेळलो होतो, हे त्यांना आठवलंही नसतं. पण आठवतोय कोण!

एका मुलीच्या तासाला मात्र सर घड्याळाकडे बघत नसत. तिला ते गप्पूबाई म्हणत, कारण ती गरजेपुरतंसुद्धा बोलत नसे. बारा-तेरा वर्षांची, बाहीचं टोक चावत पटाकडे टक लावून बसणारी. तिने खेळी केली की सरांना खुर्चीत सरसावून बसावं लागे. पण तिचे बाबा! टाइल्सच्या दुकानाचे मालक, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं घरातही ओरडूनच बोलत. त्यांनी एक दिवस जाहीर करून टाकलं, "सर, रविवारच्या स्पर्धेत हिला मोठ्यांच्या गटात घातलीय! तुम्हाला दर महिन्याला लोळवते म्हटल्यावर पोरांशी काय खेळायचं?"

सर 'हो हो' म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तेवढ्यात बाबांना दुकानातून फोन आला आणि ते बाहेर गेले. गप्पूबाईने तोंडातली बाही काढली.

"सर, तुम्ही कपाळावर हात आधीच मारता."

"म्हणजे गं?"

"तुमचा वजीर फुकट पडलाय हे मला दिसायच्या आधी. तुम्हाला आधीच दिसतं तर तिथे ठेवता कशाला?"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, होतं असं कधीकधी..."

"दर महिन्याला?" तिचा आवाज कापत होता. "बाबांना वाटतं मला येतं. मला कळतच नाही येतं की नाही ते. रविवारच्या आधी एकदा खरं खेळा ना. परत मुद्दाम हरलात तर मी स्पर्धेला जाणार नाही. बुद्धिबळच सोडून देईन."

सर तणतणत स्वयंपाकघरात आले. "एवढीशी पोर मला अक्कल शिकवते! अशी कणीक तिंबतो की बापालाही कळेल."

"आणि तीच जिंकली तर?" बायकोने विचारलं.

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

शुक्रवारी, महिन्याच्या शेवटच्या तासाला, डाव मांडला. पलीकडे आईबाबा सोफ्यावर, बाबांचा मोबाइल चित्रीकरणाला तयार. सर खरे खेळले. अगदी मान मोडून खेळले. पहिल्या काही खेळ्यांत त्यांनी पोरीला कोपऱ्यात रेटलं आणि मनात म्हणाले, बघ आता! मग तिचा एक घोडा कुठूनसा मध्ये येऊन बसला आणि हलेचना. वजिरांची मारामारी झाली, हत्ती गेले. सरांचे कान तापले. आत बायकोने मिक्सर लावला तर सर तिच्यावर खेकसले. शेवटी पटावर उरले दोन राजे आणि थोडी प्यादी. तिचं एक प्यादं कडेने सुटलं. प्यादं सुटलं की आधी घरं मोजा, हे सर पोरांना घोकून घ्यायला लावत. त्यांनी मोजली, राजा पोचतोय असं ठरवलं आणि चालवला. तो एका घराने कमी पडला. प्याद्याचा वजीर झाला, आणि सरांना मात बसली.

"नेहमीसारखंच!" बाबांनी टाळ्या पिटल्या. "रविवारी पण असंच हं!"

सरांनी 'अरेच्चा' म्हटलं नाही, कपाळावर हातही मारला नाही. ते नुसते पटाकडे बघत बसले. गप्पूबाईचे डोळे भरून आले.

"परत सोडलात," ती म्हणाली. "मी नाही जाणार."

आता मूग गिळून बसलं की काम झालं होतं. पोर रडली असती, बापाने चार दिवसांत समजूत काढली असती, आणि सरांची अब्रू त्या छापील पुस्तकांपुढे जशीच्या तशी राहिली असती. एवढी वर्षं ह्या माणसाने तेच तर केलं होतं.

"नाही बाळ," सर म्हणाले. "आधीचे सगळे सोडले. सगळे. आजचा नाही सोडला. आज मी हरलो."

"काय हा विनय!" बाबा सोफ्यावर टेकत हसले. "बघ, याला म्हणतात मोठा माणूस!"

सरांनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी डाव मागे नेला आणि एकेक खेळी दाखवत गेले. इथे वजीर मारायला नको होता. इथे घरं मोजताना चुकलो. आणि हा तुझा घोडा इथे येईल, हे तर मला दिसलंच नव्हतं.

"खरंच दिसलं नव्हतं?"

"शप्पथ. अजिबात नाही."

तिने बाहीने डोळे पुसले. पट परत एकदा निरखला. मग ती हसली. इतक्या दिवसांत सरांनी तिला हसताना पाहिलंच नव्हतं. आणि त्याच हसऱ्या तोंडाने, मनात काही म्हणजे काही नसताना, तिने विचारलं, "मग सर, आता मी तुमच्याकडून काय शिकू?"

अनुभव, शिस्त, मनाची तयारी... जाहिरातीतली सगळी पोपटपंची सरांच्या जिभेवर येऊन उभी राहिली. बाबांचा मोबाइल अजून चालूच होता.

"काही नाही," सर म्हणाले. "बाबांना सांग, दुसरे सर बघा. चांगले बघा. आणि रविवारी जा."

"थँक्यू सर," ती म्हणाली, आणि तिची चौकट काळी झाली.

त्याच चौकटीत थोड्या वेळाने आईचा वाघ आला. शेजारी आई, हातात मोबाइल. त्याचाही महिन्याचा शेवटचा तास होता. सरांनी वजीर अलगद त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला, "अरेच्चा!" म्हणाले आणि कपाळावर असा काही हात हाणला की आवाज ऐकून बायको दारात आली.

"अहो, एवढ्या जोरात?"

पडद्यावर आईचा वाघ भलत्याच कोपऱ्यात बघत होता.

"नीट बघ हं," सर त्याला म्हणाले. "नीट बघ."