आर्सेनियोच्या मानेतल्या तीन गाठी

आर्सेनियो ओवेलारने एकेचाळीस वर्षांत मानेचा कधी विचार केला नव्हता. मान डोकं पेलायला असते आणि टॅक्सी मागे घेताना वळवायला लागते, एवढंच त्याचं मानेविषयीचं मत. पण मार्चमधल्या एका सकाळी वियारिकाच्या बस स्थानकाबाहेर, टॅक्सीच्या आरशात बघून दाढी करताना त्याच्या बोटाला जबड्याखाली काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं. दाबलं की सरकायचं. त्याला खेटून दुसरं. उजवीकडे तिसरं, ते जरा लाजरं, आत दडून बसलेलं.

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो गाडीत बसून राहिला.

आर्सेनियोचं वैद्यकीय शिक्षण एका तासात आटोपलं होतं. अठराव्या वर्षी सक्तीच्या लष्करी नोकरीत असताना एका जाड्या सार्जंटने भिंतीवर रंगीत चित्रं टांगून, हातातल्या काठीने एकेक जागा दाखवत पोरांना गुप्तरोग समजावले होते. चित्रं अशी होती की मागच्या रांगेतले दोघं चक्कर येऊन पडले. सार्जंट शेवटी म्हणाला होता, "मानेत गाठी आल्या की समजायचं, खाली कुठेतरी शेण खाल्लंय. तुम्ही विसराल, गाठ विसरत नाही." पुढे हा सार्जंट स्वतः कशाने गेला हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही, पण त्याचं वाक्य आर्सेनियोच्या डोक्यात तेवीस वर्षं टिकलं. शाळेतलं एकही टिकलं नव्हतं.

आणि शेण तर खाल्लं होतं. फेब्रुवारीत तो तिघा प्रवाशांना एन्कार्नासियोनच्या कार्निव्हलला सोडायला गेला. दुसऱ्या दिवशी यायचा तो चौथ्या दिवशी आला. गिअरबॉक्स बिघडली, असं त्याने घरी सांगितलं. गिअरबॉक्स ठणठणीत होती, बिघडला होता तो आर्सेनियो. मिरवणुकीत लोकांच्या अंगावर उडवायच्या फेसाचे डबे विकणारी एक बाई होती, फार छान हसायची, एवढंच त्याला आता आठवत होतं. आडनाव विचारायचं राहून गेलं होतं. तिच्या अंगावरची चमकी मात्र अजून टॅक्सीच्या सीटमध्ये होती. तीन वेळा झाडून झाली, तरी ऊन पडलं की चमकायची.

हे सगळं एर्मेलिंदाला कळलं तर काय, हा खरा प्रश्न होता. एर्मेलिंदा आणि तो चार वर्षं एका घरात राहत होते. लग्न झालेलं नव्हतं. अर्धं गाव तसंच राहतं, त्याचं कोणाला काही नाही. पण आर्सेनियोला लग्न हवं होतं आणि तिने दोनदा नाही म्हटलं होतं. "लग्न केलं की पुरुष सुस्तावतो," असं तिचं म्हणणं. शेवटी नाताळात ती हो म्हणाली. ईस्टरनंतरचा शनिवार ठरला, पाद्र्याला सांगून झालं, पोशाख शिंप्याकडे गेला. आणि आता ईस्टरला तीन आठवडे उरलेले असताना नवरदेवाच्या मानेत तीन वाटाणे.

त्यात एर्मेलिंदा झाडपाला विकायची. स्थानकामागच्या बाजारात बावीस वर्षं तिचा ठेला होता, आणि बावीस वर्षं उखळात मुसळ चालवून तिचे दंड एखाद्या हमालासारखे झाले होते. लोक सकाळी आपापले बर्फाच्या पाण्याचे जग घेऊन यायचे, काय दुखतं ते सांगायचे आणि ती दोन-तीन पाले कुटून जगात टाकायची. पोटाला हा, झोपेला तो, सासूला तिसरा. मग दिवसभर ते पाणी बैलाच्या शिंगाच्या पेल्यातल्या वाळक्या पानांवर ओतायचं आणि धातूच्या नळीने ओढायचं. हेच तेरेरे. पाराग्वेत माणूस एक वेळ उपाशी राहील, तेरेरेवाचून राहणार नाही.

टॅक्सी स्टँडवर चौघांत मिळून एक जग, एक शिंग आणि एक नळी होती. वयाने लहान म्हणून नेरी ओतायचा. शिंग क्रेसेन्सियोकाकांकडे जायचं, मग आर्सेनियोकडे, मग विल्फ्रिदोकडे, की परत पहिल्यापासून. नळी पुसायची नाही, पुसली तर तो समोरच्याचा अपमान. आणि आभार मानायचे नाहीत. शिंग परत देताना "आभारी आहे" म्हटलं की त्याचा अर्थ, माझं पुरे झालं, मला आता देऊ नका. बर्फ वितळायच्या आत असं म्हणायला तसंच मोठं कारण लागतं.

त्या सकाळी आर्सेनियोच्या हातात शिंग आलं आणि तो त्या नळीकडे बघतच राहिला. आपल्या तोंडातून ही नळी विल्फ्रिदोच्या तोंडात जाणार. विल्फ्रिदोला पाच मुलं. म्हणजे आपल्या तीन दिवसांच्या मजेपायी पाच मुलं उघड्यावर! इतका उदात्त विचार त्याला पूर्वी कधी सुचला नव्हता. फेब्रुवारीत तर नक्कीच नाही. त्याने शिंग तसंच भरलेलं परत केलं आणि म्हणाला, "आभारी आहे."

नेरीच्या हातातला जग तिरका तसाच राहिला.

"घरी कोणी गेलं का रे?" क्रेसेन्सियोकाकांनी हळूच विचारलं.

"नाही हो काका. दात दुखतोय."

"दात दुखतो म्हणून तर गार प्यायचं," नेरी म्हणाला. "का लग्नाच्या आधी उपास धरलायस?"

"गप ओत तू."

दातदुखी त्याने घरीही चालवली. एर्मेलिंदा पहाटे माते करायची, म्हणजे तेरेरेच पण गरम पाण्याचं, त्यातही दोघांत एकच नळी. तो गाल धरून बसायचा. ती लवंग द्यायची, तो चघळायचा, आणि ती पाठमोरी झाली की गाठी चाचपायचा. दिवसातून चाळीस वेळा चाचपल्यावर गाठ कमी कशी होणार? चौथ्या दिवशी वाटाण्याचे छोटे आवळे झाले.

तेव्हा त्याने एक चूक केली. गावात दुसऱ्या बाईकडे गेलेला पुरुष एक वेळ झाकून जातो, पण दुसऱ्या पालेवालीकडे गेलेला झाकला जात नाही. आर्सेनियो बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला, पोर्फिरिया म्हातारीच्या ठेल्यावर गेला.

"मित्रासाठी हवंय," तो कुजबुजला.

"मित्राला कुठे आलंय? वर का खाली?"

"वर. मानेत. पण मूळ बहुतेक खाली असावं."

"मूळ खालीच असतं, बाळा," म्हातारी म्हणाली आणि काटेरी वेलीची मुळं कुटायला लागली. "काय साथ आलीय कोण जाणे. तुमच्या स्टँडवरून परवापण एकजण मित्रासाठी घेऊन गेला."

आर्सेनियो स्वतःच्या मरणात इतका बुडाला होता की हे वाक्य त्याच्या कानावरून गेलं.

दुपारी बाजार पेंगत असतो. त्या वेळी एर्मेलिंदाने त्याला ठेल्यावर बोलावलं. ती कुटत होती, पण उखळात काही नव्हतं. रिकाम्या उखळाचा तो आवाज ऐकून आर्सेनियोची पाचावर धारण बसली.

"पोर्फिरियाने काय दिलं?"

"दातासाठी काहीतरी..."

"काय दिलं ते विचारलं."

"मुळं होती कसली तरी."

"काटेरी वेलीची." तिने मुसळ खाली ठेवलं. "बावीस वर्षं मी ती मुळं विकतेय. ती कशासाठी घेतात ते मला माहीत आहे, आणि घ्यायला येणाऱ्याचं तोंड कसं होतं तेही. आत्ता तुझं झालंय तसं. बोल."

तो बोलला. सार्जंटपासून सुरुवात केली, तिने ते तोडलं. मग गिअरबॉक्स कबूल केली. फेसवाली कबूल केली.

"किती वेळा?"

"तीन दिवस."

"दिवस नाही विचारले."

त्याने बोटं दाखवली. एर्मेलिंदाने ती मोजली. समोर मासेवाला बर्फाच्या लाद्यांना टेकून घोरत होता.

"त्या बाईचं मला काही नाही," ती म्हणाली. "कार्निव्हल असतो, माणूस गाढव असतो. पण तिकडून आल्यावर तू माझ्या शेजारी झोपलास. रोज. आता ते माझ्याही अंगात असलं तर? तुला गाठी दिसल्या तेव्हा तू टॅक्सीवाल्यांची नळी वाचवलीस. मला मात्र काही सांगितलं नाहीस, नुसती लवंग देऊ दिलीस."

खरं म्हणजे विल्फ्रिदोच्या पाच मुलांचा विचार करणाऱ्या या महात्म्याच्या डोक्यात हे आलंच नव्हतं, आणि आता आलं तेव्हा त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"उद्या जा आणि रक्त दे," ती म्हणाली. "मी पण देते, दुसरीकडे. कागद घेऊन ये. मग बघू तू माझा कोण ते."

दुसऱ्या दिवशी छत्तीस अंश गरमीत आर्सेनियो गळ्याला लोकरी मफलर गुंडाळून आरोग्य केंद्रात शिरला. बाकावर नेरी बसला होता. त्याच्याही गळ्यात मफलर, फुटबॉल क्लबचा.

"तू इथे?" आर्सेनियो म्हणाला.

"पायात खिळा गेला. आणि तू?"

"दात."

दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसले. पाच मिनिटांनी शर्टाची कॉलर कानापर्यंत चढवलेले क्रेसेन्सियोकाका आले, या दोघांना बघून माघारी वळले, तर दारात विल्फ्रिदोला धडकले. विल्फ्रिदोने गळ्याला बायकोची ओढणी बांधली होती. चौघं एका बाकावर ओळीने बसले. कोणीच काही विचारेना. खाई त्याला खवखवे, आणि इथे तर चौघांनाही खवखवत होतं.

नर्स सेल्वाबाईंनी दार उघडलं आणि ते प्रदर्शन बघितलं. "सोडा ते सगळं," त्या म्हणाल्या. मग चौघांचे गळे एकामागून एक दाबून बघितले. "गेल्या आठवड्यात घसा दुखला? ताप?"

चार माना हलल्या.

"स्टँडवर नळी किती?"

"एकच," क्रेसेन्सियोकाका म्हणाले. "बाई, स्वच्छ असते हो."

"चार तोंडांत फिरते आणि स्वच्छ असते! लाळेतून पसरणारा ताप आहे हा. एकाने आणला, नळीने चौघांत वाटला. तीन-चार आठवड्यांत गाठी बसतील. नाहीच बसल्या तर डॉक्टरांना दाखवा. तोवर प्रत्येकाने आपली नळी वेगळी ठेवा. कळलं? तुम्हाला काय वाटलं होतं?"

काय वाटलं होतं ते कोणी सांगेना. पण रक्त तपासायचंय का, असं विचारल्यावर चार बोटं अशी झटकन पुढे आली की सेल्वाबाईंना हसू आवरेना. वीस मिनिटांनी निकाल आले. चौघंही स्वच्छ. "पण ज्याने अलीकडे काही दिवे लावले असतील," त्या म्हणाल्या, "त्याने तीन महिन्यांनी पुन्हा यायचं. इतक्या लवकर सगळं दिसत नाही. आणि पुढच्या वेळी निरोध वापरा. इथे फुकट मिळतात, टोपलीभर पडलेत."

बाहेर चिंचोळ्या सावलीत उभं राहिल्यावर मात्र सगळ्यांना कंठ फुटला. नेरीने मेहुणीचा मुका घेतला होता. "एकच!" तो म्हणाला. "आणि तोही नवीन वर्षाचा!" विल्फ्रिदो नुसताच हसला, तो कधीच काही सांगत नाही. क्रेसेन्सियोकाकांचं प्रकरण सत्तावीस वर्षांपूर्वीचं निघालं.

"सत्तावीस?" नेरी ओरडला. "अहो काका, तो रोग आता पेन्शनीत निघाला असता!"

"हस, हस," काका डोळे पुसत म्हणाले. "सत्तावीस वर्षं मी रोज मान बघतोय. आज पहिल्यांदा नीट झोप लागेल."

"आणि मुख्य म्हणजे," नेरी म्हणाला, "घरी कोणाला काही सांगायची गरज नाही!"

तिघं खदखदून हसले. आर्सेनियो हसला नाही. चौघांत त्याच्या एकट्याचीच झाकली मूठ उघडी पडली होती, आणि तीही लाळेच्या तापापायी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तो तसाच कागद घेऊन बाजारात गेला.

एर्मेलिंदाने कागद दोनदा वाचला. तीन महिन्यांचंही त्याने स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही. तिने आपल्या एप्रनच्या खिशातून दुसरा कागद काढून त्यावर ठेवला. तोही स्वच्छ होता.

"काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या," ती म्हणाली. "भीती वाटली मला. तुझा राग नंतर आला, आधी भीती."

"एर्मेलिंदा, लग्नाचं..."

"बस."

तो पालथ्या खोक्यावर बसला. तिने फळीच्या अगदी खालून एक जुडी काढली. तो पाला ती जंत झालेल्या गुरांसाठी विकायची. तिने तो भरपूर कुटला, जगात टाकला, आणि ते पाणी पानं भरलेल्या शिंगात ओतलं. पहिलं ओतलेलं कोणी पीत नाही, ते संत तोमासचं, पानंच शोषून घेतात. दुसरं तिने आर्सेनियोला दिलं.

त्याने ओढलं. टाळू आकसली, डोळ्यांतून पाणी आलं, कानांत कसलीतरी शिट्टी वाजली. त्याने शिंग परत केलं. तिने भरलं आणि परत त्याच्याच हातात दिलं. ती स्वतः पीत नव्हती.

तिसरं. चौथं. मासेवाला जागा होऊन बघायला लागला. पलीकडच्या कांदेवालीने गिऱ्हाईक सोडलं.

"पुरे वाटलं तर सांग," एर्मेलिंदा म्हणाली. "दोनच शब्द आहेत. आभारी आहे म्हणायचं, उठायचं. कोणी अडवणार नाही."

आर्सेनियोने मान हलवली, गाठींसकट, आणि हात पुढे केला.

सातव्याला त्याच्या नाकातून पाणी गळायला लागलं. नवव्याला कांदेवाली म्हणाली, "अगं, मरेल तो!" अकराव्याला जगाच्या तळाशी नुसता पाला खुळखुळला. एर्मेलिंदाने जग उजेडात धरून बघितला. मग त्याच्याकडे बघितलं. तो लाल डोळ्यांनी, तोंड घट्ट मिटून, रिकामं शिंग पुढे धरून बसला होता.

ती मासेवाल्याकडे वळली आणि ओरडली, "ए, बघत काय बसलायस? अजून बर्फ आण!"