क्रिकेट न आवडणाऱ्यांची ड्यूटी

ऑफिसचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि एक ओढायला गेलं की दहा बाहेर येतात. परवा जुन्या ऑफिसातल्या दोघी घरी आल्या होत्या. चहा टाकते म्हणून मी उठले. चहा उकळून आटला, तरी आमचं मेश्राम-पुराण काही संपेना!

तेव्हा पुण्यात ज्याच्याकडे दोन खोल्या आणि चार कॉम्प्युटर, तो सॉफ्टवेअर कंपनी काढत होता. आमची त्यातल्या त्यात बरी होती. चाळीस माणसं, एक कॉन्फरन्स रूम आणि इंग्लंडमधली एक विमा कंपनी आमची क्लायंट. मी ॲडमिन सांभाळायची. म्हणजे हजेरी, रजा, व्हिसाचे कागद आणि ज्याचं कोणी ऐकत नाही त्याचं गाऱ्हाणं.

आमचे साहेब पेंडसे सर. शनिवार पेठेतले. बोलणं कमी आणि जे असेल तेही तिरकं. कोणी उशिरा येऊन "सर, ट्रॅफिक होतं" म्हणालं, की ते मान वर न करता म्हणायचे, "हो का? आम्ही सगळे विमानाने आलो."

त्यांचे धर्म दोनच. रविवारी सिंहगड आणि उरलेले सहा दिवस क्रिकेट.

*

आता खरं सांगते. मला गड चढण्यात काडीची मजा येत नाही. हे वाक्य पुण्यात मोठ्यांदा बोलायला फार धाडस लागतं हो! एकदा सरांनी अख्ख्या ऑफिसला सिंहगडावर नेलं. निम्म्या वाटेत मी एका दगडावर बसले ती बसलेच.

"काय झालं?" सर मागे फिरून आले.

"सर, वर काय आहे?"

"वारा आहे. ताक आहे. पिठलं-भाकरी आहे."

"वारा इथे पण आहे. पिठलं मी घरी करते."

सर म्हणाले, "मग आपण आलात कशाला?"

"तुम्ही सर्क्युलर काढलंत म्हणून! आणि टाइप मीच केलं होतं."

सगळे वर जाऊन आले, मी दगडावर बसून येताना घेतलेले वाटाणे सोलले. घरी नेले, उसळ केली. त्या दिवसापासून, जे सगळ्यांना आवडतं ते ज्याला आवडत नाही, अशा माणसाबद्दल मला फार माया वाटते.

*

मेश्राम भंडाऱ्याचा. उंच, लाजाळू, कामात वाघ. रुजू होऊन चार दिवस झाले असतील. मॅच चालू होती. कोणीतरी जाता जाता त्याला विचारलं, "स्कोअर काय झाला रे?"

"माहीत नाही. मला क्रिकेट आवडत नाही."

सगळ्या कीबोर्डचा आवाज थांबला! एकाने तर काळजीने विचारलं, "घरी माहितीये का?"

बिचारा मेश्राम लाल झाला. "नाही म्हणजे, समजतं मला सगळं. एलबीडब्ल्यू पण समजते. फक्त मजा येत नाही."

पेंडसे सर केबिनच्या दारात उभे होते. म्हणाले, "इंटरव्ह्यूत विचारायला हवं होतं. चूक आमची आहे."

*

पण सर हार मानणारे नव्हते. कंपन्यांच्या टुर्नामेंटमध्ये त्यांनी मेश्रामला टीममध्ये घेतलं आणि अगदी लांब, बाउंड्रीवर उभं केलं. "एकदा मैदानात उतरला की आपोआप गोडी लागते," असं त्यांचं म्हणणं.

मेश्राम दोन तास गुणी बाळासारखा उभा राहिला. मग एक बॉल त्याच्या दिशेने सुसाट आला. मेश्राम दोन पावलं बाजूला झाला आणि बॉलला वाट करून दिली!

"अरे, अडवायचा ना!" सर पिचच्या इथून ओरडले.

"सर, तो इतक्या घाईत निघाला होता," मेश्राम म्हणाला, "म्हटलं, जाऊ द्यावं."

आम्ही चार रनांनी हरलो. हसू नका. तेच ते चार रन!

*

मग सरांनीच तोडगा काढला. इंग्लंडमध्ये सकाळ होते ती आपल्या दुपारी. म्हणजे क्लायंटचे फोन दुपारी सुरू होणार, आणि डे-नाइट मॅचही दुपारीच. कॉन्फरन्स रूममध्ये प्रोजेक्टर लावून सगळं ऑफिस आत बसलं तर फोन कोण उचलणार? सर म्हणाले, "ज्यांना क्रिकेट आवडत नाही त्यांनी." मी नोटीस बोर्डावर एक कागद लावला. मॅचची तारीख आणि पुढे ड्यूटीवरच्यांची नावं.

माझं नाव सरांनी घातलं नाही. माझं इंग्रजी ऐकून क्लायंट पळेल म्हणाले. बाकी कागदावर दोनच नावं आली. एक मेश्राम, आणि दुसरं पल्लवी.

पल्लवी कात्रजची. हुशार, पण अबोल. सकाळी मान खाली घालून यायची आणि सहाच्या बसला मान खाली घालून जायची. मी तिला विचारलं, "तुला गं काय वावडं क्रिकेटचं?"

"मॅडम, मला दोन मोठे भाऊ," ती म्हणाली. "लहानपणी एकदा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले असताना आपण जिंकलो. तेव्हापासून प्रत्येक मॅचला मला त्याच उंबऱ्यात बसवायचे. उठायचं नाही! पाणी प्यायला जरी उठले आणि विकेट पडली, की दोघं अंगावर यायचे. बारावीपर्यंत मी उंबऱ्यातच बसले."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. म्हटलं, बाई, आता खुर्चीवर बस, कितीही वेळा उठ!

*

एकदा अशीच मॅच चालू असताना मी फाइल घ्यायला बाहेर आले. अख्खा मजला रिकामा. कोपऱ्यात दोघंच. मेश्रामने घरून आणलेली संत्री सोलून ठेवलेली. तो क्लायंटची तक्रारीची मेल नाटकातल्यासारखी भरदार आवाजात वाचून दाखवत होता, आणि आमची अबोल पल्लवी टेबलाला धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

मी फाइल न घेताच परत गेले.

त्याच आठवड्यात मेश्राम माझ्या टेबलाशी येऊन घुटमळायला लागला.

"मॅडम, टेस्ट मॅच खरंच पाच दिवस चालते का हो?"

"चालते की."

"आणि पाच दिवस खेळून पण कधी कधी निकाल लागत नाही म्हणतात?"

"नाही लागत. ड्रॉ होते."

"बाप्पा!" मेश्रामचा चेहरा उजळला. "किती छान गेम आहे हा!"

अहो, मी कसब्यातली आहे. अख्ख्या गल्लीची लग्नं माझ्या डोळ्यांसमोर ठरली. माझ्यापासून काय लपणार? म्हटलं, "बस खाली. किती दिवस चाललंय हे?"

तो बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. एरवी चाळीस जणांच्या देखत त्याच्या तोंडून पल्लवीशी "फाइल पाठवली" याच्यापुढे शब्द फुटायचा नाही. मॅच असली तरच काय ते बोलणं.

"मग विचार ना तिला सरळ."

"नाही म्हणाली तर? मग मॅचच्या दिवशी पण बोलणार नाही ती. आता निदान मॅच तर आहेत."

मला इतकं गलबलून आलं म्हणून सांगू! पण मी म्हटलं, "कर मग देवाण-घेवाण संत्र्यांची जन्मभर."

*

आणि नेमके पल्लवीचे व्हिसाचे कागद माझ्याकडे आले. तिला ऑनसाइट पाठवत होते. दोन वर्षांसाठी, इंग्लंडला. ती जाणार होती वर्ल्ड कप संपल्यावर आठवड्याने.

मी मेश्रामला बोलावून सांगितलं. म्हटलं, आता तरी तोंड उघड. त्याने खिशातून वर्ल्ड कपचं वेळापत्रक काढलं. पेपरातून कापलेलं, चार घड्या घातलेलं.

"पहिल्या फेरीत तीन मॅच, मॅडम. मग पुढच्या फेरीच्या. मग सेमी. मग फायनल. मी विचार करून राहिलो की फायनलच्या दिवशी विचारतो. तोवर हिंमत येईल."

"आणि आपण फायनलला पोचलोच नाही तर?"

"पोचू ना मॅडम," तो माझी समजूत घालत म्हणाला. "या वेळी आपली मिडल ऑर्डर चांगली आहे."

मिडल ऑर्डर! ज्याने बॉलला वाट करून दिली तो माणूस!

मग रोज सकाळी तो पेंडसे सरांच्या केबिनमध्ये डोकवायचा. "सर, त्या बोलरचा खांदा कसा आहे आता?" "सर, पिच कोरडं आहे म्हणतात, आपल्याला चालेल ना?" सर मला हळूच म्हणाले, "सुधारतोय मुलगा." मी म्हटलं, "हो सर, फार सुधारलाय."

*

पहिली मॅच हरलो. दुसरी जिंकलो. तिसरी जिंकलो नाही तर घरी, असं ठरलं.

त्या दिवशी मॅच सकाळपासूनच होती आणि कॉन्फरन्स रूममध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती. मेश्राम ड्यूटीवर, पण दर दहा मिनिटांनी दारातून डोकवायचा. एकदा डोकावला आणि नेमकी विकेट पडली. सगळे एकसुरात ओरडले, "मेश्राम, बाहेर!" तो पळाला. नंतर आत येईना, नुसता दाराच्या काचेला नाक लावून उभा.

शेवटची विकेट पडली तेव्हा सहा वाजायला आले होते. सरांनी उठून प्रोजेक्टर बंद केला.

तेवढ्यात दारातून हुंदका ऐकू आला. बघतो तर मेश्राम! उंचापुरा माणूस, चौकटीला धरून रडत होता. काय करावं ते कोणालाच कळेना. सर जवळ गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कोणाच्या पाठीवर हात ठेवताना बघितलं.

"अरे, खेळ आहे हा. हार-जीत व्हायचीच. चार वर्षांनी परत येतो वर्ल्ड कप."

"चार वर्षं!" मेश्राम म्हणाला, आणि जास्तच रडायला लागला.

त्याच्यामागून पल्लवी आली. हेडफोन गळ्यात तसाच. "काय झालं? हरलो?"

"हरलो," कोणीतरी म्हणालं.

पल्लवी जवळच्या खुर्चीत मटकन बसली. तिने रुमाल शोधला, सापडला नाही, आणि ओढणी डोळ्यांना लावली.

"बघा रे, बघा!" सर सगळ्यांकडे वळून म्हणाले. "ज्यांना क्रिकेट आवडत नाही त्यांची ही अवस्था! आणि तुम्ही समोसे संपवताय."

मग ते जड पावलांनी नोटीस बोर्डापाशी गेले आणि ड्यूटीचा कागद काढायला लागले.

"सर, राहू दे तो," पल्लवी म्हणाली. तिचा इतका मोठा आवाज ऑफिसात कोणी ऐकला नव्हता.

"कशाला? आपल्या मॅचेस संपल्या."

"दुसऱ्यांच्या आहेत ना. फायनलपर्यंत आम्ही दोघं बसू ड्यूटीला."

"अहो, पण त्या मॅच इथे बघणार कोण?"

पल्लवी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळायला लागली. मेश्रामचं रडणं मात्र थांबलं. सरांनी तिच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघायला लागले.

सरांनी टाचणी परत खोचली.

"उद्या आयर्लंड आणि केनिया आहे," ते म्हणाले. "अडीच वाजता सगळ्यांनी कॉन्फरन्स रूममध्ये हजर राहायचं. शेवटच्या बॉलपर्यंत एकानेही बाहेर यायचं नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी अडतीस माणसं आयर्लंड आणि केनियाची मॅच बघत बसली. मीही बसले. कोणाची बॅटिंग आहे तेही निम्म्या जणांना माहीत नव्हतं. दोघं घोरत होते. सर पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून, एकटक.

साडेपाचच्या सुमाराला दार उघडलं. मेश्राम उभा होता. कपाळाला घाम.

सरांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "स्कोअर हवाय का?"

"नाही सर. विचारलं मी."

"मग?"

"हो म्हणाली."

अडतीस माणसं एकदम अशी ओरडली की खिडक्या हलल्या! खालच्या मजल्यावर साड्यांचं दुकान होतं. तिथले शेठजी धापा टाकत जिना चढून आले आणि दारातूनच विचारलं, "कोण जिंकलं हो?"

"मेश्राम," पेंडसे सर म्हणाले.