गाडीवरून उतरून या

तुम्हाला कधी कोणी हॉर्न वाजवून घराबाहेर बोलावलं आहे? मित्राने नाही, रिक्षावाल्याने नाही. कामाला बोलावणाऱ्या माणसाने, गाडी चालूच ठेवून, एक पाय जमिनीला टेकवून, तुमच्या दाराकडे न बघता. आणि तुम्ही हातातला घास ताटात ठेवून बाहेर गेला आहात का?

भंडारा जिल्ह्यात, कोंढा गावाच्या पलीकडे माझ्या मावशीचं गाव आहे. तिथे धानाचा रोवणा सुरू झाला की आमच्या वस्तीच्या तोंडाशी सकाळी सहापासून हॉर्न वाजायचे. रोवणा म्हणजे लावणी. चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेताच्या तुकड्यात, बाया ओळीने वाकतात आणि पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, रोवत मागे सरकतात. मावशीच्या टोळीत सोळा बाया आहेत. कोणता शेतकरी आला आहे हे त्यांना हॉर्नवरून कळायचं. एकाचा लांब, एकाचे दोन तुटक. सगळ्यात मोठ्या बांध्या ज्याच्या, तो माजी सरपंच तर हॉर्नवरचा अंगठा काढायचाच नाही. लहानपणी उन्हाळ्या-पावसाळ्यात मी तिथे राहायला जायची, तेव्हा हा आवाज मला कोंबड्याच्या आरवण्याइतका साधा वाटायचा. त्यात काही गैर आहे हे मला खूप उशिरा कळलं. मावशीला ते आधीपासून कळत होतं. ती वेळ बघत होती.

माझं घर वरठीला. वडील कारखान्यातून सायकलने घरी यायचे, तेव्हा हँडलच्या पिशवीत डब्यासोबत पत्रकं असायची. कामगारांच्या सभेची, धम्म परिषदेची, मोर्चाची, निषेधाची. गुलाबी, पिवळा, पोपटी असा पातळ कागद. घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, त्यामुळे मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. 'आई', 'कमळ' यांच्याआधी मला 'बंधू-भगिनींनो' वाचता येत होतं. आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला, वडिलांनी युनियन स्वीकारली आणि मी उद्गारचिन्ह स्वीकारलं, असं आई म्हणते.

पुढे मी लिहायला लागले तेही तसंच. भंडाऱ्याच्या एका साहित्य मेळाव्यात मी लेख वाचला, तेव्हा अध्यक्षस्थानी बसलेले गृहस्थ हसून म्हणाले, "तळमळ आहे, पण भाषा पत्रकी आहे. थोडा संयम शिका." मी व्यासपीठावरून तिथेच म्हटलं, "सर, संयम आमच्या घरात चार पिढ्या झाला." टाळ्या पडल्या. ते उत्तर मला आजही बरोबर वाटतं. पोट भरलेल्या माणसाने आवाजाची पट्टी ठरवून द्यावी आणि तिलाच साहित्य म्हणावं, हे मला मान्य नाही. पण त्या टाळ्या माझ्या डोक्यात बऱ्याच दिवस राहिल्या, आणि पुढे जे झालं त्यात त्यांचाही हात होता.

दोन वर्षांपूर्वी रोवण्याच्या तोंडावर मावशीने अट घातली. मजुरीची नव्हती. अट अशी की टोळी पाहिजे असेल त्याने गाडीवरून उतरायचं, वस्तीत चालत यायचं, अंगणात बसायचं, आमच्या घरचा चहा घ्यायचा आणि मग पाळी मागायची. जो आधी येईल त्याची पाळी आधी.

"फोन केला तं?" टोळीतल्या एका बाईने विचारलं.

"फोनवर चाय पाजता येते का?" मावशी म्हणाली.

यातली खरी अवघड गोष्ट होती चहा. आमच्या वस्तीत मतं मागायला, वर्गणी मागायला, सांत्वनाला गावातले सगळे येतात. पण कप पुढे केला की ठरलेलं वाक्य येतं, "आत्ताच घेऊन आलो." माझ्या आईने, मावशीने, आजीने ते वाक्य जन्मभर ऐकलं. त्यावर भांडता येत नाही. माणूस चहा घेऊन आलाही असेल, कोण सांगणार?

पहिल्या आठवड्यात सहा शेतकरी आले. सगळे लहान, दोन-दोन एकरवाले. अवघडून बसले, चहा प्यायले, पाळी घेऊन गेले. त्यांत एक म्हातारा होता, त्याने तर दुसरा कप मागून घेतला. माजी सरपंच मात्र आला नाही. त्याने तीन दिवस हॉर्न वाजवला, कोणी बाहेर गेलं नाही. मग गावात बोलणं पसरलं की तो लाखांदूरकडची टोळी गाडी करून आणणार आहे. तसं झालं असतं तर संपलंच होतं. मोठा शेतकरी अट मोडून मोकळा झाला की पुढच्या वर्षी बाकीचे कशाला उतरतील? पण त्याच्याकडेही फार दिवस नव्हते. त्याचे पऱ्हे वाढून चालले होते. ते जुने झाले की रोवून उपयोग नसतो. दोन्हीकडून ताणलेलं होतं आणि मावशी रोज दुसऱ्याच्या बांधीत जाऊन शांतपणे रोवत होती.

मला हे वरठीत कळलं आणि मी पेटले. एका बैठकीत पत्रक लिहिलं. पवनीला छापून घेतलं, गुलाबी कागदावर, दोनशे प्रती. मथळा होता : 'अखेर मुजोर जमीनदार शरण!' माझा हिशेब सरळ होता. सहा आले, सातवा येईलच. आपण जरा आधी छापतो आहोत, एवढंच. सकाळच्या एसटीने गावात उतरले, बसथांब्याच्या भिंतीवर एक पत्रक खळीने चिकटवलं आणि बाकीचा गठ्ठा घेऊन मावशीकडे गेले. तो दिवस टोळीच्या सुट्टीचा होता, आठ-दहा बाया अंगणातच होत्या.

"वाचून दाखव," मावशी म्हणाली. तिला वाचता येतं, सातवी झाली आहे. पण ती म्हणाली, वाचून दाखव.

मी उभी राहून वाचलं. "शतकानुशतके पाठ वाकवून मागे मागे सरकणाऱ्या आमच्या मायभगिनी आता निर्धाराने पुढे पाऊल टाकत आहेत!"

एक बाई फिसकन हसली. "काय वो बाई, रोवण्यात पुढं पाय टाकला तं आपलंच रोवलेलं तुडवू ना आपण!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण माझे कान तापले होते. पुढे वाचत गेले. मथळ्यातला शब्द मजकुरात पुन्हा आला, 'शरण', तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

"थो आला काय?" मावशीने विचारलं.

"येईल ना."

"शरण येणारा माणूस चाय पेते काय?"

मी म्हटलं, "मावशी, हा लढा आहे. लोकांना कळायला नको?"

"कळू दे ना. पण काय कळू देऊन राहिली तू? आम्ही त्याले पाय धरायले नाही बोलावलं. बसायले बोलावलं. खुर्ची ठेवली आम्ही त्याच्यासाठी. आता हे वाचून थो आला तं गाव म्हणन, हरला. कोणता माणूस हरायले येईन इथं?"

"म्हणजे त्याचा मान सांभाळायचा? त्याने कधी सांभाळला तुमचा?"

"त्याचा नाही वो. माहा सांभाळून राहिली मी." मावशीचा आवाज चढला, तो मी पहिल्यांदाच ऐकला. "माह्या अंगणात कोणी बसला तं थो पाहुणा. जिंकून आणलेला माणूस पाहुणा नाही होत. अन् तू माह्या तोंडचं छापलं, मले एकदा तरी विचारलं? थो हॉर्न वाजवते, तू पत्रक छापते. आमाले कोण विचारते?"

मी हातातलं पत्रक गठ्ठ्यावर ठेवलं. मेळाव्याच्या अध्यक्षांनी मला हळू बोलायला सांगितलं होतं. मावशी मला हळू बोल म्हणत नव्हती. ती म्हणत होती, माझ्या नावाने तू बोलू नको.

"कोठी लावलं का हे?" तिने विचारलं.

"एकच. थांब्यावर."

"जाय मंग."

मी पळत गेले. खळ वाळून घट्ट झाली होती. पाण्याच्या बाटलीने भिजवून नखांनी खरवडायला लागले. मथळा निघाला, खालचा मजकूर निघेना. तेवढ्यात मागे गाडी येऊन थांबली. माजी सरपंच.

"फाडून काहून राहिली? चांगलं लिवलं होतं."

मी वळले. "तुम्ही वाचलं?"

"सकाळीच वाचलं. शरण म्हणे." तो हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "मी अजून आलोच नाही, अन् तुम्ही छापून बी टाकलं."

माझ्या जिभेवर चार धारदार वाक्यं होती. ती गिळताना मला जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी म्हटलं, "हे मावशीनं लिहिलेलं नाही. तिला माहीतही नव्हतं. शब्द माझे आहेत आणि ते चुकीचे आहेत. तिचं म्हणणं एवढंच आहे की उतरून या, बसा, चहा घ्या, पाळी मागा. ते मात्र चुकीचं नाही."

"तुमच्या मावशीले सांगा," तो म्हणाला, "लाखांदूरची गाडी ठरली हाय माही." आणि निघून गेला.

मी परत जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. मावशीने ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडायला बसली. माझ्यावर कोणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. दोन दिवस मी टोळीबरोबर बांधीवर गेले. मला रोवता येत नाही, मी पऱ्ह्यांच्या जुड्या उचलून देत होते. बाया नेहमीसारख्या एकमेकींची टिंगल करत होत्या, पण रस्त्याने एखादी गाडी गेली की सोळाही माना वर व्हायच्या. गाडी लाखांदूरची आहे का, ते बघायला. माझ्या एका पत्रकाने सोळा बायांची अट घालवली, हे मनातून जात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाया निघायच्या तयारीत असताना वस्तीच्या तोंडाशी माजी सरपंचाची गाडी वाजली. तिचा फटफट आवाज सगळ्यांना पाठ होता. आवाज थांबला. आम्ही हॉर्नची वाट बघत उभ्या राहिलो. हॉर्न वाजला नाही. मग चपलांचा आवाज आला.

तो अंगणात आला, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, गुडघ्यांवर हात ठेवले. आत एक बाई कागदी कप काढत होती. मावशीने आत जाऊन हळूच तिला म्हटलेलं मला ऐकू आलं, "थे नाही. घरचे काढ. बशीसकट."

चहा पुढे आला. "आत्ताच..." तो सवयीने म्हणाला आणि थांबला. मावशी कप धरून उभी होती, तिने हात मागे घेतला नाही. त्याने कप घेतला. बशीत ओतून फुंकर मारून प्यायला.

"साखर लय टाकता तुम्ही," तो म्हणाला.

"शरण आलेल्याले कमी टाकतो," त्या दिवशी फिसकन हसलेली बाई मागून बोलली, आणि क्षणभर मला वाटलं, गेलं सगळं. पण तो हसला. खरं हसला. "थे पोरीचं पत्रक बाप्पा! माह्या बायकोनं बी वाचलं." मग मावशीकडे वळून म्हणाला, "बाई, उद्या द्या ना टोळी. पऱ्हे हाताबाहेर चालले."

"परवा," मावशी म्हणाली. "उद्या त्या म्हाताऱ्या बुवाची पाळी हाये. थे तुमच्या आधी येऊन गेले."

"एक दिवसानं काय होते?"

"तेच म्हणते मी. एक दिवसानं काय होते?"

त्याने उरलेला चहा संपवून बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "परवा तं परवा," आणि उठून गेला. त्याची गाडी सुरू होऊन दूर जाईपर्यंत अंगणात कोणी हललं नाही. नंतर एक बाई मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली. मीही भिंतीला टेकले. इतकं हलकं मला माझ्या कोणत्याही भाषणानंतर वाटलेलं नाही.

तो बदलला, असा माझा दावा नाही. त्याच्या बांधीने त्याला आणलं. लाखांदूरची गाडी खरंच ठरली होती की नाही, हेही मला माहीत नाही. पण गेल्या वर्षी आणि यंदाही रोवण्यात आमच्या वस्तीत हॉर्न वाजला नाही, आणि जे आले ते चहा घेऊन गेले. एवढं झालं. एवढ्यावर माझं समाधान नाही, पण झोप लागते.

मी आजही पत्रकं लिहिते, उद्गारचिन्हांसकट. हा लेख मात्र छापायला देण्याआधी मावशीच्या अंगणात बसून वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी थांबवलं. तिच्या हातांच्या भेगांवर मी एक परिच्छेद लिहिला होता. "भेगा कायले लिवल्या? भेगा त्या सरपंचाच्या बी हाताले हायेत. माही अट लिव," ती म्हणाली. तो परिच्छेद काढला. दुसऱ्या जागी मी तिला 'अबला' म्हटलं होतं. त्यावर ती काय म्हणाली, ते छापू नको असंही म्हणाली.

तुम्ही लिहीत असाल, कथा, बातमी, अहवाल, मोबाईलवरची चार ओळींची पोस्ट, आणि त्यात एखादा जिवंत माणूस असेल, तर माझी एक विनंती आहे. या आठवड्यात ते लिखाण घेऊन त्या माणसाच्या घरी जा. त्याच्यासमोर बसून मोठ्याने वाचा. तो जिथे थांबवील तिथे थांबा, आणि त्याने हो म्हटल्यावरच छापा.