साडूंच्या चौरंगावरची राणी

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, बोली साडेअठरा हजारांची. नारायण पेठेत नाणी जमवणाऱ्या आम्हा मंडळींच्या बैठकीला नऊ जण हजर होते : आठ सभासद आणि नववे माझे साडू. त्यांना मीच हौसेने नेलं होतं.

लिलावात इंग्लंडच्या राणीच्या राजवटीला सत्तर वर्षं झाली त्याचं चांदीचं नमुना-नाणं होतं. खरं नाणं काढण्याआधी टांकसाळ साचा पारखायला अशी मोजकीच पाडते. राणीच्या तरुण चेहऱ्यापासून म्हातारपणापर्यंतची सगळी नाणी माझ्या अल्बममध्ये आहेत. शेवटचा कप्पा तेवढा रिकामा. माझी मर्यादा घरून ठरून आलेली, अठरा हजार. तिथे मी थांबलो. शेजारून साडूंनी हात वर केला, "साडेअठरा."

"अहो, तुम्हाला नाण्यातलं काय कळतं?" मी जिन्यात विचारलं.

"काहीच नाही. पण तुम्ही एवढे हटून बसलात म्हणजे चांगलंच असणार."

त्यानंतर अल्बम उघडायची मला इच्छाच होईना.

लक्ष्मीपूजनाला सदाशिव पेठेत त्यांच्याकडे गेलो. चौरंगावर केरसुणीशेजारी राणी विराजमान. कपाळाला हळदकुंकू, पुढ्यात लाह्या-बत्तासे. मी चष्मा पुसून वाकलो. नाणं लख्ख होतं. जरा जास्तच.

"घासलंत?"

"मग! काळपट दिसत होतं," मेहुणी म्हणाली. "निरांजनाबरोबर रांगोळीने घासलं, वर दुधाने आंघोळ."

राणीच्या गालभर बारीक ओरखडे. बैठकीत आता कोणी चार हजारही दिले नसते. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? साडूंना गॅलरीत नेऊन सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरलेला बघून आणखी बरं वाटलं.

"मग चार हजारांत तुम्हीच न्या," ते म्हणाले.

ओरखड्यांसकट ती मला हवी होती. आत येऊन मी पाकीट काढलं.

"पूजेतली लक्ष्मी विकायची? तीही आज?" मेहुणीने चौरंगापुढेच ठाण मांडलं. "भाऊजी, तुम्ही दरवर्षी दर्शनाला या की!"

सगळे हसले. साडू सर्वांत मोठ्याने. पाकीट हातात होतं, ते तसंच परत खिशात घालणं बरं दिसेना. दहाची नोट आणि एक रुपया, असे अकरा रुपये मी राणीपुढे ठेवले आणि नमस्कार केला.